ओयान्तायताम्बो १५३७: पाणी अखेर बसलं

पाणी बसलं! पेरूमधल्या ओयान्तायताम्बोला इंकांनी स्पॅनिशांना हरवलं, त्या लढाईचा छोटा देखावा (डायोरामा) मी बनवतेय. डोंगरउतारावरच्या पायऱ्यांचे, म्हणजे दगडी टप्प्यांचे, फोटो टाकल्यापासून इथे सामसूम होती, त्याला कारण फक्त ते एक पाणीच. डोंगर, पायऱ्या, दगडी दरवाजा सगळं तयार, आणि मधलं मैदान कोरडं ठणठणीत. इंकांचा राजा मांको इंका, त्याची सगळी हुशारी त्या पाण्यात. तेच नसेल तर उरतो फक्त टेकडीखाली उभा राहिलेला घोडदळाचा घोळका.

अडचण मापाची होती. मांकोने कुस्को शहराला घातलेला वेढा फोडण्यासाठी स्पॅनिश सरदार एर्नांदो पिझारो जानेवारी १५३७ मध्ये थेट मांकोलाच धरायला निघाला. सोबत १०० च्या आसपास स्पॅनिश, त्यातले ७० घोडेस्वार, शिवाय त्यांच्या बाजूने लढणारे हजारो स्थानिक. मांकोने कालवे फोडून मैदानात पाणी सोडलं आणि ते घोड्यांच्या तंगापर्यंत, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्यापर्यंत, चढलं. आता १/७२ मापाच्या घोड्यांना तंगापर्यंत म्हणजे साधारण १० मिलिमीटर. एवढी इपॉक्सी (पाण्यासाठी ओतायचं पारदर्शक रेझिन) एका दमात ओतली की ती तापते आणि खालचा फोम मऊ पडतो. थरांनी ओतावं, तर पावसाळ्यातल्या हवेत प्रत्येक थरावर पांढुरकी साय धरते. सँडिंग करा, पुसा, पुन्हा ओता, पुन्हा तेच. शेवटचा टेस्ट पीस ताकासारखा दिसत होता. त्यात रेझिन घोड्यांच्या पायांवर वर चढतं, म्हणजे प्रत्येक पायाभोवती एक चकचकीत बांगडी.

रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरबद्दलही बोलायलाच हवं. ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवर 'क्रिस्टल क्लिअर' छापलेलं, आत पिवळट द्रव. विक्रेत्याचं उत्तर: "मॅडम, सुकल्यावर क्लिअर होईल." नाही झालं. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील आणि फेविकॉल बरं. निदान खोटं बोलत नाहीत.

सुटका झाली ती लढाईचे जुने वृत्तांत पुन्हा वाचताना. मी पारदर्शक पाण्यामागे का लागले होते? कालवे फोडून शेतावर सोडलेलं पाणी गढूळच असणार. त्यात घोड्याचे खूर कुणाला दिसणार? मग करवत काढली आणि घोड्यांचे पाय तंगाखाली सरळ कापले. मैदानावर फेविकॉल आणि बारीक चाळलेल्या मातीचा लगदा पसरला, त्यावर कच्चा अंबर (मातकट तपकिरी रंग), मग थोडा गेरू. सुकल्यावर ग्लॉस जेलचा पातळ हात, तोही ब्रशने ओढून, प्रवाहाच्या दिशेने. पुढचे पाय उचललेल्या घोड्यांचे पाय तसेच ठेवले आणि जेल ओलं असतानाच त्यांच्याभोवती टूथपिकने फेस उचलला. जवळून बघितलं तर एक घोडा खरंच धडपडतोय असं वाटतं. त्या एका घोड्यावर मी जाम खूश आहे.

हे लिहितानाच डोक्यात आलं: सगळं मैदान भरलेलं दाखवायचंच कशाला? डावीकडे अजून धूळ, उजवीकडे चिखल, आणि मधे पुढे सरकणारी पाण्याची कड. मागच्या स्वारांना काय चाललंय याचा पत्ता नाही, पुढचे अडकलेले. मग कालव्याचं तोंडही दाखवावं लागेल, आणि बेस उजवीकडे एक वीतभर वाढेल. वाढू दे. उरुबांबा नदीची मोठी पट्टी मात्र रद्द.

लढाई नेमकी कुठल्या पायऱ्यांपाशी झाली याबद्दल ज्यांनी मला टोकलं होतं, त्यांचं म्हणणं मान्य. देवळाच्या टेकडीखालच्या १७ पायऱ्या दिमाखदार आहेत खऱ्या, पण दरवाजा, भिंती आणि समोर मोकळं मैदान हे वृत्तांतातलं वर्णन जवळच्या मास्काबांबाच्या पायऱ्यांना जास्त जुळतं असं काही अभ्यासक म्हणतात. घोडदळाला पुढे यायला जागा तिथेच पटते. म्हणून माझा दरवाजा दोन तोंडांचा आहे आणि तो तसाच राहील.

आता मांको. तो या लढाईत घोड्यावर होता, हातात भाला, आपल्या माणसांना जागेवर ठेवत फिरत होता. ज्याला १५३३ मध्ये स्पॅनिशांनी आपलं बाहुलं म्हणून गादीवर बसवलं, तोच त्यांच्याच जनावरावर बसून त्यांना हाकलतोय. अशी तयार फिगर कुणी बनवत नाही, म्हणून स्पॅनिश घोडा आणि इंका धड जोडलं. कंबरेची फट एम-सीलने बुजवली. कपाळावरची लाल झालर, मास्कापायचा, भरतकामाच्या धाग्याच्या एका पेडातून केली. रंगवलेली चपटी दिसत होती. त्याच्या बाजूला जंगलातले धनुर्धारीही हवेत, कारण ते खरोखर होते आणि डायोरामात त्यांना कुणी घेत नाही. सगळ्यांना काखामार्काची १५३२ ची चकमक करायची असते, जिथे इंका फक्त मरतात. इथे स्पॅनिशांना रात्रीच्या अंधारात माघार घ्यावी लागली, हेही कधीतरी कुणी टेबलावर मांडावं ना!

बाकी: गोफणवाले प्राइम झाले. घोड्यांच्या पायांत अडकणाऱ्या बोलाससाठी (दोरीला दगड बांधून फेकायचं हत्यार) धागा शोधतेय. शिलाईचा दोरा फार केसाळ आहे आणि मासेमारीची तंगूस वाकत नाही. तांब्याची बारीक तार वापरून बघितलीय का कुणी? मोटर वायंडिंगवाल्याकडे तुकडे फुकट मिळतात म्हणे, उद्या तिकडेच जाते.