मेणवलीची व्हॅनिटी

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ शूटिंग होतं. तिथल्या एका व्हॅनिटी व्हॅनचा, म्हणजे कलाकारांच्या मेकअपच्या आणि आरामाच्या गाडीचा, जनरेटर सकाळपासून सुरू होईना, म्हणून मला, मेकॅनिकला, साताऱ्याहून बोलावलं. प्रॉडक्शन मॅनेजर रस्त्यावरच उभे होते. "दहा मिनिटांत चालू करा, मॅडम झाडाखाली बसल्यात."

बऱ्याच जणांना वाटतं, व्हॅनिटीचा एसी गाडीच्या इंजिनावर चालतो. तसं नसतं. गाडीच्या पोटात एका कप्प्यात वेगळा डिझेल जनरेटर असतो. एसी, गीझर, आरशाचे दिवे सगळं त्याच्यावर. डिझेल मात्र बहुतेक गाड्यांत एकाच टाकीतलं.

माझ्याआधी कुणीतरी एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे, म्हणजे इंजिन झटकन पेटवणारा फवारा, मारून गेला होता. वास अजून येत होता. इंजिन आतून गरम करणारे हीटर प्लग तापलेले असताना स्प्रे मारला की तो अवेळी पेट घेतो, रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो. हा प्रकार पाहिला की माझं डोकं फिरतं. कारण शोधायचं सोडून इंजिनाला मारहाण करायची, ही कसली मेकॅनिकी?

बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या वर टिकत होती. सेल्फ जोरात फिरत होता, त्याचा विजेचा स्विच, सोलेनॉइड, टक्‌ करून ओढत होता. तरी सायलेन्सरमधून धुराची रेघ नाही. माझ्या लेखी इथेच निम्मं निदान झालं. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, असं म्हटलं असतं. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू ढिला केला तर नुसता फेस, म्हणजे पाइपात हवा. फीड पाइप काढून कॅनमधल्या ताज्या डिझेलमध्ये बुडवला, हवा काढली, आणि दुसऱ्या सेल्फला मशीन लागलं.

मशीन ठणठणीत होतं. टाकीत पाव भाग डिझेल, आणि जनरेटरची नळी मुद्दामच टाकीच्या तळापासून वर ठेवलेली असते. एसीनं सगळं डिझेल पिऊन टाकलं तरी गाडीला पंपापर्यंत जायला उरावं, म्हणून. त्यात व्हॅन नदीकडे तोंड करून उतारावर लावलेली. डिझेल पुढे सरकलेलं, नळी मागे कोरडी. ड्रायव्हरला हे ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. युनिटवर ड्रायव्हरला विचारायची पद्धतच नाही.

एवढ्यावर काम संपलं असतं. पण हवा काढताना मी कप्प्यात पाठीवर झोपलो होतो, आणि टॉर्चच्या उजेडात फरशीची खालची बाजू दिसली. ज्या भोकातून वायरी आत जातात, त्याच्याभोवती काजळी. जाड, मऊ, बोटाला लागणारी. भोकाची फट बंद करणारा रबरी ग्रोमेट नव्हता. बरोबर त्याच्या खाली एक्झॉस्टचा बेलो, म्हणजे धुराच्या पाइपाचा लवचीक जोड. मशीन चालू असताना सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओला बारदाना दाबून धरला, तर बेलोतून फस्स आवाज आला. त्याची जाळी चिरलेली होती.

व्हॅन सांभाळणाऱ्या पोराला विचारलं, "रात्री झोपतोस कुठं?"

"आतच की दादा. एसी लावून."

"डोकं दुखतं का?"

"सकाळी धरतंय. उलटीसारखं पण होतंय. एसीनं होत असंल. डिझेलचा वास येतो थोडा, मग फ्रेशनर मारतो."

मी मशीन बंद केलं.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले होते. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड फरशीतल्या भोकातून आत गेला होता. या वायूला स्वतःचा वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोरानं चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. हे सगळं मी मॅनेजरांना उभ्या उभ्या सांगितलं.

"अहो, चालू झालाय ना? मग राहू द्या. संध्याकाळी बघू."

मी जनरेटरच्या कंट्रोलरचा फ्यूज काढून खिशात घातला. आवाज चढले. लायटिंगचा मोठा जनरेटर तीस पावलांवर धडधडत होता, पण त्याचं कंत्राट वेगळं, म्हणून त्यावरून केबल ओढायला कुणी तयार नव्हतं. शेवटी त्या मॅडमच उठून आल्या, त्या पोराकडे बघून म्हणाल्या, "हा रोज आत झोपतो?" पुढच्या पंधरा मिनिटांत केबल आली. माणूस मोठा असला की कंत्राटं आपोआप वाकतात, हे मी नेहमीच पाहत आलोय. त्या पोरानं तेच सांगितलं असतं तर?

बिल फक्त 'स्टार्टिंग'चं मिळालं. व्हॅनमालकाला फोनवर सगळं सांगितलं. बेलो बदला, भोक बंद करा, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. अलार्मची किंमत ऐकून ते गप्प झाले, जरी तिथल्या एका दिवसाच्या चहा-नाश्त्याचं बिल त्याहून जास्त होत असेल.

मला सतावतं ते हे, की उताराऐवजी सपाटीवर गाडी लावली असती, तर मशीन पहिल्या सेल्फला लागलं असतं आणि त्या फरशीखाली कुणी गेलंच नसतं. नंतर ड्रायव्हरला फोन केला. बेलो नवा बसलाय म्हणाला. भोकाचं विचारलं तर म्हणाला, "बघून सांगतो." अजून सांगितलेलं नाही. त्यांचं पुढचं शूट फलटणला आहे. ग्रोमेट आणि सिलिकॉनची ट्यूब मी गाडीत टाकून ठेवली आहे.