झाड लावलंच कायले?

तुम्ही विचारलंत म्हणून. बायबलातली गोष्ट अशी: देवानं आदाम आणि त्याच्या बायकोला बागेतल्या एका झाडाचं फळ खायला मनाई केली, सापाच्या बोलण्यावरून त्यांनी ते खाल्लं, आणि देवानं त्यांना बागेतून हाकललं. त्यावरचा प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "देवाले मालूम होतं ना, का हे खातीन म्हणून? मंग ते झाड बगिच्यात लावलंच कायले?" पाठोपाठ दुसरं वाक्यही ठरलेलं: "बिनकुंपणाचं वावर ठेवाचं, अन् ढोर शिरलं का कोंडवाड्यात टाकाचं, हा कुठचा न्याव?" विचारणारा ख्रिस्ती असतो किंवा नसतो, अकोल्याकडचा असतो किंवा चंद्रपूरकडचा, पण वावराचा दाखला सुटत नाही. दाखला चांगलाच आहे. फक्त कोंडवाड्याचा दंड ढोर भरत नाही, ढोराचा मालक भरतो. आता या गोष्टीत मालक कोण, ते तुम्हीच बघा.

उत्तराआधी मजकूर वाचावा लागतो. बायबलाचं पहिलं पुस्तक उत्पत्ति, त्याच्या दुसऱ्या अध्यायात २५ वचनं आणि तिसऱ्यात २४, मोठ्यानं वाचली तरी दहा मिनिटं पुरतात. वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात देवाची आज्ञा (२:१६-१७, म्हणजे अध्याय २, वचनं १६-१७), दुसऱ्यात सापानं ती कशी विचारली (३:१), तिसऱ्यात बाईनं ती कशी सांगितली (३:२-३). तिन्ही मजकूर शब्दाला शब्द लावून बघायचे.

देवाच्या वाक्याची सुरुवात मोकळीक देणारी आहे. हवं त्या झाडाचं खुशाल खा, आणि मग एक झाड सोडून. साप विचारतो ते उलटं करून: कुठल्याच झाडाचं खायचं नाही म्हणे? बाई त्याला दुरुस्त करते, पण तिच्या बोलण्यातून 'हवं त्या' गळतं, झाडाचं नाव जाऊन 'मधलं झाड' एवढंच उरतं, आणि 'हातही लावू नका' हे नवीन कलम येतं. ते देवानं सांगितल्याचं कुठेच नाही. शिवाय आज्ञा झाली तेव्हा ती जन्मायचीच होती. तिची निर्मिती पुढं २१-२२ व्या वचनात. तिला आज्ञा कळली ती ऐकीव. आणखी एक गोष्ट मराठी बायबलातही दिसते. निवेदक 'परमेश्वर देव' म्हणतो, पण साप आणि बाई बोलतात तेवढ्या पाच वचनांच्या संवादात नुसतं 'देव' आहे. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो नावानं हाक मारण्याइतका जवळचा राहिलेला नाही.

नवरा कुठे होता? ३:६ म्हणतं, तिच्यासोबतच होता. त्यानंच आज्ञा स्वतःच्या कानानं ऐकली होती, आणि तो एक शब्द बोलत नाही. बोलतो तो पकडल्यावर: "तू मला दिलेल्या बाईनं दिलं."

इथे बहुतेक वाचणारे एक घाई करतात. सापाला सैतान म्हणून मोकळे होतात आणि त्याचं बोलणं खोटं होतं असं धरतात. उत्पत्तीत सैतान हा शब्दच नाही, ती जोड बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात (१२:९) येते. आणि सापाची वाक्यं तपासा. तुमचे डोळे उघडतील म्हणाला, ३:७ मध्ये उघडले. देवासारखे व्हाल म्हणाला, ३:२२ मध्ये देव स्वतःच तसं म्हणतो. त्या दिवशी मराल असं देव म्हणाला होता. आदाम ९३० वर्षं जगला. 'आत्मिक मरण', म्हणजे शरीर नव्हे तर देवाशी असलेलं नातं मेलं, हे उत्तर मला माहीत आहे आणि ते टाकाऊही नाही, पण मजकुरात ते लिहिलेलं नाही. ते बाहेरून आणलंय, एवढं तरी कबूल करावं.

मग मनाई होती ती नक्की कशाची? मराठी बायबलात ते 'बऱ्यावाइटाचे ज्ञान करून देणारे झाड' आहे. भाषांतर छान साधलंय. हिब्रूत 'तोव' आणि 'रा' असे दोन शब्द आहेत, आणि 'रा' म्हणजे फक्त पाप नव्हे. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात २४ व्या अध्यायात अंजिरांच्या दोन टोपल्या आहेत. एकीतली तोव, दुसरीतली रा, म्हणजे सडकी, खाण्यालायक नसलेली. २ राजे २:१९ मध्ये यरीहो गावाचे लोक अलीशा या संदेष्ट्याला सांगतात, गावाची जागा तोव आहे पण पाणी रा आहे. तो नव्या भांड्यात मीठ आणवून पाण्यात टाकतो आणि पाणी सुधारतं. (हे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात सांगून बघा, लोक हसतात. इथे मिठानंच पाणी नासलंय.) म्हणजे बरंवाईट हे नीतीच्या पुस्तकातलं प्रकरण नाही. काय पिकेल, काय नासेल, काय सोसेल, कशानं घर बसेल, ही सगळी जाण त्यात आली.

अशी जाण वाईट कशी असेल? बायबलही तिला वाईट म्हणत नाही. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (१:३९) ज्यांना बरंवाईट कळत नाही ती लेकरं आहेत. आणि १ राजे ३:९ मध्ये तरुण राजा शलमोन देवाकडे नेमकं हेच मागतो, बरंवाईट ओळखता यावं म्हणून, आणि देव खूश होतो. बागेत जे हिसकून घेतल्यावर हाकललं, तेच इथे मागितल्यावर मिळतं. शलमोनाचे शब्द बघा. त्यानं 'ऐकणारं मन' मागितलं.

माझ्या समजुतीनं सगळी गाठ या 'ऐकणे' शब्दात आहे. जुन्या करारात, म्हणजे बायबलाच्या पहिल्या, हिब्रू भागात, 'आज्ञा पाळणे' याला बहुतेक वेळा 'ऐकणे' हेच क्रियापद येतं. 'शामा' म्हणजे ऐकणे, त्यातच मानणं आलं. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. "पोरगं ऐकत नाही" म्हटल्यावर कुणी कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. भाषांतरात मात्र कधी 'ऐकणे' येतं, कधी 'आज्ञा पाळणे', आणि धागा तुटतो. आदामाला ठपका आहे तो "बायकोचं ऐकलंस" असा (३:१७). अब्राहामाला शाबासकी आहे ती "माझं ऐकलंस" अशी (२२:१८). मिसरचा राजा फारो याच्याबद्दल पुन्हा पुन्हा तेच: देवाचा निरोप आणणाऱ्या मोशे-अहरोनाचं त्यानं ऐकलं नाही. ऐकत सगळेच असतात, कुणाचं ना कुणाचं. १ शमुवेल १५:२२, म्हणजे यज्ञापेक्षा आज्ञापालन बरं हे वचन, सुनांना आणि तरण्या पोरांना गप्प बसवायला हमखास काढलं जातं. दोनच वचनं पुढं देवाचा हुकूम मोडलेला राजा शौल सांगतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. तोही आज्ञाधारकच होता, मालक वेगळा.

शिवाय हे ऐकणं एकतर्फी नाही. 'गणना' या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहाद नावाच्या माणसाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचा वाटा का बुडावा? मोशे प्रश्न देवापुढं नेतो. देव म्हणतो, मुली बरोबर बोलतात. आणि कायदा बदलतो. पुढं ३६ व्या अध्यायात भाऊबंद अट घालून घेतात की त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं, जमीन बाहेर जाऊ नये. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतलेल्या घरात हे दोन्ही अध्याय एका बैठकीत वाचावेत.

तरीही सगळं सुटत नाही, आणि सुटतं असं सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. फारोचंच घ्या. तो देवाच्या लोकांना मिसरातून सोडत नाही, म्हणून देशावर एकामागून एक पीडा येतात. त्याचं मन कठीण केलं कुणी? नेहमीचं उत्तर असं की पहिल्या पाच पीडांमध्ये फारोचं मन त्याचं तोच कठीण करतो, किंवा ते आपोआप कठीण झालेलं असतं. देवानं कठीण केलं असं सहाव्या पीडेला (निर्गम ९:१२) पहिल्यांदा येतं. पाचदा आपल्या मर्जीनं नांगराच्या एकाच तासानं चाललेला बैल सहाव्यांदा त्याच तासाला लागतो, तसं. उत्तर सुंदर आहे, पण ४:२१ आड येतं. मोशे मिसरात पोचायच्या आधीच देव म्हणून ठेवतो, मी त्याचं मन कठीण करीन. सोदोम शहर वाचवायला, किती भली माणसं सापडली तर सोडशील म्हणून देवाशी बैलबाजारातल्यासारखी घासाघीस करत ५० वरून ४५, ४०, ३०, २०, १० पर्यंत उतरणारा अब्राहाम देव स्वतःच्या पोराचा बळी मागतो तेव्हा (उत्पत्ति २२) तोंड उघडत नाही. का, ते लिहिलेलं नाही. शत्रूचा नाश कर म्हणून शौलाला दिलेल्या हुकमात तान्ही मुलंही मारायची होती. आणि राजा दावीदानं केलेल्या, देवाला न रुचलेल्या शिरगणतीची गोष्ट दोनदा आहे. २ शमुवेल २४:१ म्हणतं देवानं त्याला चिथवलं, १ इतिहास २१:१ म्हणतं सैतानानं. तीच शिरगणती, शिक्षेच्या मरीत तेच ७०,००० मेलेले, शेवटी तेच यबूसी माणसाचं खळं विकत घेणं. फक्त किंमत एकीकडे चांदीचे ५० शेकेल, दुसरीकडे सोन्याचे ६००. दुसरं पुस्तक नंतरचं आहे. वाईट देवाच्या नावावर लिहिताना मधल्या काळात कुणाचा तरी हात अडखळला.

सगळं देव ठरवतो की माणसाच्या हातीही काही आहे, या प्रश्नाची विदर्भात तर दोन उत्तरं दोन वाटांनी आली. १८४५ साली नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे निवड देवाची मानणाऱ्या परंपरेतले. वाशिम-बुलडाण्याकडे काम केलेलं नाझरीन मिशन जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाच्या वाटेचं: देव हात पुढं करतो, धरायचा की झटकायचा ते माणसावर. युरोपात १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या चर्चसभेनं हा वाद मिटवला म्हणतात. तो मिटला नाही, आगबोटीत बसून इकडे आला.

पहिल्या बाजूचे लोक कुंभाराचं वचन काढतात (प्रेषित पौलाचं पत्र, रोमकरांस ९): मातीनं कुंभाराला विचारावं का? विचारू नये, ठीक. पण आणखी एक कुंभार यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात बसलाय, तोही बघून यावा. चाकावरचं भांडं बिघडतं. तो माती फेकत नाही, तिचंच दुसरं करतो. आणि देव म्हणतो, एखादं राष्ट्र वळलं तर मीही माझा बेत बदलीन. मातीत खडा राहिला, पाणी कमीजास्त झालं, तर भांडं हातात फाकतं, हे कुणाही कुंभाराला ठाऊक आहे. चाकावर मातीचंही थोडं चालतं.

भावावर जळणाऱ्या काइनाला, आदामाच्या मुलाला, तर देव सरळच सांगतो. पाप हा शब्द बायबलात पहिल्यांदा तिथे येतो (उत्पत्ति ४:७), बागेतल्या फळाच्या गोष्टीत तो नाहीच. पाप दाराशी बसलंय. क्रियापद जनावराच्या बसण्याचं. २३ व्या स्तोत्रात मेंढरं कुरणात विसावतात तेच. गोठ्याच्या दाराशी जनावर बसलंय, शेळी की बिबट ते अंधारात कळत नाही. पुढचा हिब्रू शब्द 'तिमशोल' तीन तऱ्हांनी वाचता येतो: त्याच्यावर ताबा ठेव, ताबा ठेवशील, ताबा ठेवू शकतोस. मला तिसरा बरा वाटतो, पण व्याकरण निकाल देत नाही.

हा प्रश्न खरा विचारला जातो तो अभ्यासवर्गात नाही. 'जिवाचं बरंवाईट केलं' या शब्दांचा अर्थ आपल्या भागात कुणाला विचारावा लागत नाही. अशा घरी ओसरीवर बसलेलं कुणीतरी म्हणतं, देवाची मर्जी, त्याच्या मर्जीविना झाडाचं पान हलत नाही. हे बायबलात नाही. जवळचं वचन मत्तय १०:२९, दोन चिमण्या एका छोट्या नाण्याला मिळतात, पण एकही तुमच्या पित्यावाचून भुईवर पडत नाही. मूळ ग्रीकात 'पित्यावाचून' एवढंच आहे, 'इच्छा' हा शब्द काही भाषांतरकारांनी घातला. चिमणी पडते तेव्हा तो तिथे असतो, असंही ते वाचता येतं. कर्ज, नापिकी आणि भाव त्यानं पाठवले, असं ते वचन म्हणत नाही.

बायबलात ईयोब नावाच्या, मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या माणसाच्या ओसरीवरही असेच तीन मित्र बसले होते. पुस्तकभर त्यांनी देवाची वकिली केली: तू काहीतरी केलं असशील, तो अन्याय करत नाही. ईयोब मात्र देवालाच जाब विचारत राहिला. शेवटी देव म्हणतो (४२:७), तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. आणि दंड पडतो तो त्या मित्रांना: सात बैल, सात मेंढे.