हाइड पार्कची छावणी: राखाडी थर संपला, आता रंग

मंडळी, अठराव्या शतकातला इंग्रज जलरंग चित्रकार पॉल सँडबी याच्या पद्धतीनं हाइड पार्कचं चित्र करायला घेतलंय, त्यातलं रेखांकन आणि राखाडी वॉश (पातळ रंगाचा थर) उरकले. आता रंगाला हात घातलाय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. जून १७८० मध्ये लंडनला गॉर्डन दंगली उसळल्या, लष्कर बोलवावं लागलं आणि हाइड पार्कात तंबू पडले. दंगल शमली तशी बघ्यांची रीघ लागली. सँडबीचं घर पार्कासमोरच, त्यामुळे विषय आयता दारात आला. (याच सुमारास इंग्रज फौजा इकडे मराठ्यांशी लढत होत्या. लाल डगले काढताना ते आठवतंच.)

खरी गंमत पद्धतीत आहे. आधी पेनची बारीक रेघ, मग पातळ चिनी शाईत सगळा छायाप्रकाश, आणि तो खडखडीत वाळला की वरून पारदर्शक रंग. हल्ली आपण सावलीचा रंग पॅलेटवर कालवत बसतो. इथे सावली आधीच बसलेली असते, रंगानं फक्त वरून जायचं. ब्रश एकदाच फिरवायचा. घोटत बसलं की शाई उठते आणि सगळं गढूळ होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला जवळच्या मोठ्या झाडानं. खोडाच्या भेगा काळ्याऐवजी तपकिरी रेघेनं काढल्या, पानांचे झुपके तुटक वळणांनी. उजेडाच्या बाजूला नुसता पिवळा, सावलीकडे त्यावर हिरवा. तयार हिरवा वापरत नाहीये. प्रशियन ब्लू आणि पिवळा कालवूनच करतोय. पिवळा म्हणजे अर्थात न्यू गॅम्बोज, म्हणजे जुन्या गॅम्बोजऐवजी मिळणारा आजचा रंग, कारण मूळ गॅम्बोजची (झाडाच्या चिकाची) राळ विषारी. जुन्या चित्रांतली झाडं कधी तांबूस, कधी निळसर दिसतात, कारण मिश्रणातला एक रंग उडून जातो. काही जण तसाच विटका रंग उतरवतात. मला ते पटत नाही. सँडबीनं लावला तेव्हा तो ताजाच होता की!

तंबूंना पांढरा लावलेला नाही. जस्ताचा चायनीज व्हाइट बाजारात आला १८३४ मध्ये, आणि शिशाचा पांढरा जलरंगात काळा पडतो. सँडबी बॉडीकलरही (अपारदर्शक जलरंग) सढळ हातानं वापरायचा, पण या चित्रात मी कोरा कागदच राखलाय. तंबूच्या एका अंगाला राखाडी वॉश दिला की कापड ताणल्यासारखं उभं राहतं. गुळगुळीत हॉट प्रेस कागदाचा इथे फार फायदा झाला, कडा स्वच्छ आल्या.

माणसं आणि डगल्यांचा लाल अगदी शेवटी. तो लाल घरी घोटायचा विचार आहे. विल्यम आणि थॉमस रीव्हजच्या तयार जलरंगाच्या वड्यांना १७८१ मध्ये बक्षीस मिळालं. त्याआधी बरेच चित्रकार रंग स्वतःच घोटायचे. बाभळीच्या डिंकात मध घालून कुणी घोटलाय का? पावसाळी हवेत वडी चिकट राहू नये म्हणून मधाचं प्रमाण किती ठेवता, तेवढं सांगा.