मग माझं मत गेलं कुठं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, निवडणुकीची ड्युटीही दर वेळी लागायची. त्यामुळे जुने विद्यार्थी, शेजारी, नातेवाईक सगळे हे मलाच विचारतात: आम्ही युतीला मत दिलं, निकालानंतर युती मोडली आणि ज्यांना पाडायला मत दिलं त्यांच्याच सोबत सरकार झालं. मतदार म्हणून आमचा काही हक्क आहे की नाही?

कायद्याने नाही. पण एवढ्यावर मला थांबवत नाही, आणि त्याला कारण आहे 21 ऑक्टोबर 2019 ची दुपार.

विधानसभेचं मतदान होतं, मी केंद्राध्यक्ष होते. एक आजी मतदान कक्षात गेल्या आणि मत न देताच माझ्या टेबलाशी परत आल्या. "बाई, आमची निशाणीच नाही त्यात." त्यांच्या पक्षाने ती जागा मित्रपक्षाला सोडली होती. मला काही सुचवायची मुभा नव्हती. आहेत त्यांतून निवडा, नाहीतर शेवटी 'यापैकी कुणीही नाही' असं नोटाचं बटण आहे, एवढं सांगितलं. त्या पुन्हा आत गेल्या. बराच वेळ काही नाही. मग बीप वाजली. बाहेर पडताना पुटपुटल्या, "साहेबांनी सांगितलंय म्हणून."

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव आणि निशाणी. युतीचं नाव कुठेच नाही. कायदाही त्या चिठ्ठीइतकंच ओळखतो: मत उमेदवाराला दिलं, विषय संपला. आजींनी मात्र स्वतःची निशाणी बाजूला ठेवून एका शब्दावर मत दिलं होतं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. 288 जागांत भाजप 105, शिवसेना 56, म्हणजे युतीच्या 161. बहुमताला 145 पुरत होत्या. तरी युती तुटली. 23 नोव्हेंबरला सकाळी सकाळी भाजपने राष्ट्रवादीच्या अजित पवारांना घेऊन शपथविधी केला, ते सरकार 26 ला गेलं. 28 ला शिवसेनेने राष्ट्रवादी आणि काँग्रेसबरोबर सरकार केलं. दोन्ही वेळा सत्तेत आलेले जोडीदार महिन्यापूर्वी एकमेकांविरुद्ध प्रचार करत होते. निकालानंतरच्या आघाडीविरुद्ध कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर न्यायालयाने त्यात पडायला नकार दिला.

मला विचाराल तर न्यायालयाचं बरोबरच होतं. निकालानंतर एकत्र येणं हा मुळात गुन्हा नव्हे. कुणालाच बहुमत नसेल तर कुणीतरी कुणाशी तरी जुळवून घ्यायलाच हवं, नाहीतर राष्ट्रपती राजवट आणि पुन्हा निवडणूक. बिहारमध्ये 2005 साली राज्यपालांच्या अहवालावरून, अशी जुळवाजुळव होण्याआधीच विधानसभा विसर्जित केली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. राज्यपालांना आघाडी रोखायचा अधिकार दिला, तर मतदाराच्या हातात काही येणार नाही, दिल्लीच्या हातात येईल.

माझा राग आहे तो एकत्र मतं मागून नंतर वेगळं होण्यावर. पक्षांतरबंदी 1985 साली घटनेच्या दहाव्या अनुसूचीत आली. एकट्या आमदाराने पक्ष सोडला तर त्याची आमदारकी जाते. अख्खा पक्षच युती सोडून पलीकडे गेला तर कुणाचंही काही जात नाही.

यावर उपाय कागदावर पडून आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 साली शिफारस केली: समान कार्यक्रमावर कौल घेतलेल्या आघाडीतला पक्ष मध्येच बाहेरच्यांशी हातमिळवणी करील, तर त्याच्या सदस्यांनी पुन्हा मतदारांकडे जावं, आणि त्यासाठी घटनादुरुस्ती करावी. ती झालेली नाही. हे अशक्य आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला आपल्या महानगरपालिकांचा कायदा दाखवा. तिथे निकालानंतर महिनाभरात आघाडी नोंदवता येते, आणि नोंदणी झाली की निवडणुकीआधीच्या आघाडीसारखाच अपात्रतेचा कायदा तिच्या सदस्यांना लागतो. नगरसेवक आघाडीला बांधला जातो, आमदार का नाही?

दुसरी गोष्ट, ठरलं काय ते लेखी हवं आणि शपथविधीच्या आधी हवं. 2019 चं सगळं भांडण मुख्यमंत्रिपदाबद्दल बंद खोलीत काय ठरलं होतं यावरून झालं. एक म्हणे शब्द दिला होता, दुसरा म्हणे दिलाच नव्हता. मतदाराने तपासायचं कशावरून? जर्मनीत 2018 साली सोशल डेमोक्रॅट पक्षाने आघाडीचा करार छापून सभासदांच्या मतदानाला टाकला, सुमारे दोन तृतीयांश सभासदांनी होकार दिल्यावरच सरकार झालं. आपल्याकडे केंद्रीय माहिती आयोगाने 2013 साली सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं, पण पक्षांनी ते मानलं नाही. त्यामुळे करार मागायचा अर्जही करता येत नाही.

ड्युटी आपल्या मतदारसंघात लागत नाही, म्हणून त्या आजी मला पुन्हा भेटल्या नाहीत. मी माझ्या आमदारांना पत्र लिहिलं: 2007 च्या शिफारशीबद्दल तुमची भूमिका काय? पोच आली आहे. उत्तर अजून नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिणार आहे, तुम्हीही तुमच्या आमदारांना लिहा. मजकूर हवा असेल तर माझा घ्या.