आमची वाटचाल : वरूडच्या बाजारओळीतून संत्र्याच्या बागेपर्यंत

रास्पबेरी पाय या एका बोर्डावर मावणाऱ्या छोट्या संगणकाचा पहिला बोर्ड 29 फेब्रुवारी 2012 रोजी इंग्लंडमध्ये 35 डॉलरला विक्रीस आला, तो मुलांनी घरच्या घरी प्रोग्रामिंग शिकावे या हेतूने. तोच बोर्ड पंपाची वीज आणि जमिनीचा ओलावा नोंदवणाऱ्या आमच्या पेटीतून वरूड तालुक्यात विहिरीवरच्या स्टार्टरशेजारी जाऊन बसला आणि तिथे उन्हाळे काढू लागला. याचे श्रेय आम्ही निःसंकोचपणे स्वतःकडे घेतो, कारण त्या काळी या भागात हे काम करणारे दुसरे कोणी नव्हते.

पायचे चाळीस पिनांचे बी प्लस मॉडेल 2014 साली आले, त्याच वर्षी आम्ही दुकान उघडले. दुकान म्हणजे भाऊंच्या मोटार रिवाइंडिंगच्या गाळ्यातील अर्धी जागा. भाऊ आमचे पहिले भागीदार. त्यांनी आजवर प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नाही, परंतु एक फेज गेल्यावर मोटार कशी जळते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही, आणि तिन्ही फेजवर स्वतंत्र ऑप्टोकपलर (उच्च दाबाची वीज बोर्डापासून वेगळी ठेवून प्रकाशाने संकेत देणारा भाग) लावून बोर्डाला फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवावे, ही आमच्या पेटीतील मूळ कल्पना त्यांचीच आहे. रिलेने, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचने, थेट मोटार चालवायची नाही, स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीच्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवायची, हा त्यांचा दंडकही आम्ही कधी मोडला नाही.

पहिल्या कमाईतून आम्ही तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग स्टेशन घेतले. ते आजही टेबलावर आहे, फक्त त्याची टोके बदलत गेली. साध्या आयर्नवर शिकलेल्या मुलांना ही चैन वाटते. पण कमी तापलेल्या टोकाने केलेला जोड मंद, खडबडीत राहतो आणि टिनाच्या शेडमधील मे महिन्याच्या उन्हात सुटतो, म्हणून नव्या मंडळींना आमचे सांगणे आहे की, बोर्ड स्वस्तातला घ्यावा, परंतु सोल्डरिंग स्टेशन आणि मल्टिमीटर यांत काटकसर करू नये. तसेच पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत हे कार्यशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, कारण 5 व्होल्टचा सेन्सर थेट जोडल्यास तक्रार करायला बोर्ड उरत नाही.

काकाजी आमचे सर्वांत जुने ग्राहक. त्यांची संत्र्याची बाग मोठी आहे आणि आंबिया बहारासाठी ताण देताना, म्हणजे फुलोऱ्याआधी झाडांचे पाणी तोडताना, जमीन किती सुकली हे त्यांना अंदाजाने नव्हे, आकड्यांत हवे होते. शिवाय रात्रीच्या पाळीत थ्री फेज केव्हा आली, केव्हा गेली आणि पंप प्रत्यक्षात किती वेळ चालला याची नोंदही हवी होती. पायला ॲनालॉग इनपुट, म्हणजे कमी-जास्त होणारा व्होल्टेज मोजणारी पिन, नाही, म्हणून ओलाव्याच्या प्रोबसाठी (मातीत खुपसायच्या सेन्सरसाठी) आम्ही त्या व्होल्टेजचा आकडा करून देणारी एमसीपी 3008 ही चिप घातली. बागेत नेटवर्क नव्हते आणि तेव्हाच्या पायमध्ये वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळ नव्हते, म्हणून बॅटरीवर चालणारे डीएस 3231 घड्याळ जोडले. आणि वीज अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होते, म्हणून मूळ प्रणाली केवळ वाचण्यापुरती ठेवून नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहिल्या. ताणाच्या दिवसांत काळ्या जमिनीला भेगा पडतात, प्रोब हवेत लोंबकळतो आणि आकडा खोटा येतो, हे प्रथम काकाजींनी ओळखले. त्याच मातीचा पातळ चिखल करून त्यात प्रोब बसवण्याची रीत त्यांनी सुचवली आणि ती आजही आमच्या प्रत्येक पेटीसोबतच्या सूचनांत छापलेली असते.

पुढची काही वर्षे चांगली गेली.

2021 साली जगभर चिपचा तुटवडा पडला. त्या ऑक्टोबरमध्ये 2 जीबीच्या पाय 4 ची अधिकृत किंमतच 35 डॉलरवरून 45 डॉलर झाली. आमच्यासारख्या लहान दुकानदारांना तर त्या किमतीलाही माल दिसेना. ज्या वितरकाकडे आम्ही आगाऊ रक्कम भरली होती, त्याने तारखेमागून तारखा दिल्या. दुसरीकडे शहरातील एका विक्रेत्याने बोर्डांचा साठा करून ते दुप्पटीहून अधिक भावाने विकले, आणि एवढ्यावर न थांबता आमच्या पेटीची मांडणी, वायरींच्या रंगांसह, जशीच्या तशी उचलून स्वतःच्या नावाने बाजारात आणली. आमची फर्म बंद पडली, असे तो आमच्याच ग्राहकांना फोनवर सांगत होता. आमच्याकडे ऑर्डर नोंदवलेली एक शाळाही त्याच्याकडे गेली. हे आम्ही विसरलेलो नाही.

त्या काळात दुकानात काम करणाऱ्या मुलांचे पगार भाऊंनी रिवाइंडिंगच्या हंगामी कमाईतून भागवले. आणि आम्ही मार्ग काढला तो रास्पबेरी पायच्याच पिकोमधून. जानेवारी 2021 मध्ये 4 डॉलरला आलेला हा बोर्ड मोठ्या पायसारखा संगणक नव्हे, तो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच प्रोग्राम चालवणारा साधा नियंत्रक आहे. त्यावर लिनक्ससारखी संगणक प्रणाली चालत नाही, पण तीन ॲनालॉग इनपुट त्यातच आहेत, खराब होणारे मेमरी कार्ड नाही, आणि वीज परत येताच तो लगेच कामाला लागतो. फेज, ओलावा आणि मातीचे तापमान नोंदवायला एवढे पुरते. सर्व प्रोग्राम मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे अशा छोट्या बोर्डांसाठीच्या पायथन भाषेत, नव्याने लिहून आम्ही पहिली पेटी काकाजींच्या बागेत लावली. त्या विक्रेत्याची स्वस्त पेटी दारात येऊनही त्यांनी ती घेतली नव्हती. आमच्या पेटीचे पैसे मात्र काम सुरू होण्याआधीच दिले.

आज मोठा पाय आम्ही कॅमेरा किंवा बागेतल्या बागेत मोबाईलवर पाहता येणारे पान हवे असेल तरच सुचवतो. तो 80 अंशांच्या पुढे तापला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून पत्र्याच्या पेटीत त्याला सावली आणि हवा हवीच. इतर कामांसाठी ग्राहकाने मागितला तरी आम्ही आधी पिको दाखवतो, मग त्यात आमचा नफा कमी का होईना.

त्या विक्रेत्याच्या पेट्या अजून दुरुस्तीला आमच्याकडे येतात. त्याने आमची मांडणी उचलली, पण प्रोब मात्र दोन उघड्या दांड्यांचे स्वस्त लावले; ओल्या मातीत त्यांतून प्रवाह वाहत राहिला की दांड्या झिजतात आणि आकडे भरकटतात. आम्ही त्या पेट्या नाकारत नाही. दुरुस्तीची मजुरी आमच्या स्वतःच्या पेटीइतकीच घेतो, परंतु प्रोब बदलून कडांना इपॉक्सी लावलेला कपॅसिटिव्ह, म्हणजे धातू उघडा नसलेला, प्रोब बसवल्याशिवाय पेटी परत देत नाही, आणि बिलावर जुना प्रोब का काढला ते स्पष्ट लिहितो.