दोन चाकं की चार: पिकअपच्या वहीतल्या पावसाळी नोंदी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, घ्यायची की नाही ते ठरवायचं अख्खा पावसाळा काढूनच. पावसाळा निघाला, वहीही भरली. पानांवर चिखलाचे डाग आहेत, त्यामुळे काही आकडे अंदाजाने वाचून उतरवतोय.

नव्यांसाठी थोडक्यात. गाडी इसुझूची हाय-लँडर पिकअप, फोर बाय टू (फक्त मागची दोन चाकं ओढणारी), मॅन्युअल. १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर. इसुझूच्याच व्ही-क्रॉस फोर बाय फोरमध्येही हेच इंजिन. म्हणजे ताकदीचं भांडण नाहीच, ती मागच्या दोन चाकांत वाटायची की चारांत, एवढाच सवाल. टोयोटाच्या हायलक्स पिकअपबद्दल बरेच जण विचारतात. ती २०२२ मध्ये भारतात आली तीच फोर बाय फोर होऊन, त्यामुळे तिथे निवडायला काही नव्हतं, आणि माझ्या खिशाने तो विषय शोरूमच्या दारातच संपवला.

जायचं ठिकाण नेहमीचंच: वेल्ह्याकडे, पानशेत धरणाच्या फुगवट्याच्या काठावर मित्राच्या वडिलांचं रान. डांबर सुटल्यावर पावणेदोन किलोमीटर कच्चा रस्ता, आणि शेवटी दोनेकशे मीटरचा लाल मातीचा उतार. येताना तोच चढ. या दोनशे मीटरांनीच मला वर्षभर झुलवलं.

११ मे

पाऊस नाही, ऊन रणरणतं. पाणी खूप मागे हटलेलं, गाळपेरीची जमीन उघडी. तंबू पाण्याजवळ लावायचा म्हणून गाडी तशीच पुढे घातली. वरून कोरडी, भेगाळलेली खपली. पावलाने दाबून पाहिली तर दगडासारखी. दोन टनांची गाडी म्हणजे पाऊल नव्हे, हे वीस मीटर पुढे गेल्यावर कळलं. खपली फुटली, खाली लोणी. मागचं डावं चाक फिरायला लागलं, उजवं ढिम्म. साध्या डिफरन्शियलचा (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) स्वभावच तसा: ज्याला पकड नाही त्यालाच फिरू देतं.

जुनी युक्ती आठवली. हँडब्रेक दोन-तीन दात ओढायचा आणि हळू क्लच सोडायचा. फिरणाऱ्या चाकाला अडसर मिळाला की थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. गेला. गाडी अर्धा मीटर सरकली आणि दुसरं चाकही बसलं. शेवटी मित्राच्या काकांचा ट्रॅक्टर. काका एक शब्द बोलले नाहीत, फक्त साखळी टाकताना हसले. ते हसू मी व्हॉट्सॲपवरच्या सगळ्या चिडवण्यापेक्षा जास्त मनावर घेतलं.

त्या रात्री फोर बाय फोरची किंमत काढली. माझी देऊन दुसरी घ्यायची तर पदरचे दहा-अकरा लाख.

२२ जून

पहिल्या दमदार पावसानंतर. उतरलो नीट, चढताना मधल्या वळणावर गाडीचं ढुंगण नाचायला लागलं. तीनदा मागे येऊन पळवत घातली, तिन्ही वेळा त्याच जागी थांबली. चौथ्यांदा मागचा भाग बांधाकडे सरकला तेव्हा पोटात गोळा आला आणि इंजिन बंद केलं.

तेवढ्यात वरच्या वस्तीवरून दूध गोळा करणारे अण्णा आले. त्यांची बोलेरो पिकअप, तीही मागच्याच चाकांवर चालणारी, दहा-बारा वर्षं जुनी. भरलेल्या कॅनसकट ती वाकडीतिकडी होत याच वाटेने वर निघून गेली. अण्णा वर गाडी लावून चालत खाली आले आणि माझ्या रिकाम्या हौद्यात डोकावले.

"दादा, रिकामी गाडी नाचणारच. बैलावर जू नको का? टाका दोन पोती मागं."

बांधावरची वाळूची दोन पोती हौद्यात टाकली, बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर. टायरची हवा पस्तीस पीएसआयवरून बावीसवर आणली. पहिल्याच प्रयत्नात वर. जोर न लावता, दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा धरून.

मला माझाच राग आला. पिकअपचं इंजिन, केबिन, सगळं वजन पुढे, आणि ओढणारी चाकं मागे. रिकाम्या हौद्याने चढावर गेलं तर पकड येणार कुठून? हे पुस्तकी ज्ञान माझ्याकडे होतं. दुधाचे कॅन मात्र नव्हते.

६ जुलै

आता पद्धतशीर. तोच चढ, दिवसभर रिपरिप, दर वेळी खालच्या आंब्यापासून सुरुवात. कंपनीचे रस्त्याचे टायर, हौदा रिकामा, पूर्ण हवा: पाचात एकदा वर. तेच टायर, शंभर किलो वजन, हवा बावीस: पाचात तीनदा. आदल्या आठवड्यात मित्राकडून उसने आणलेले ऑल टेरेन (कच्च्या रस्त्यासाठीचे खोल नक्षीचे) टायर, वजन आणि कमी हवा: पाचात पाच. चाकं बदलायला बांधावर जॅक लावून पाऊण तास गेला, कंबर दोन दिवस धरली होती.

वाळूच्या पोत्यांचा नाद सोडला. एक फाटलं, हौदाभर वाळू, ड्रेनची भोकं बंद. त्याजागी पन्नास लिटरचे दोन प्लास्टिकचे कॅन, पाण्याने भरून, पट्ट्याने हौद्याच्या कड्यांना आवळलेले. नुसते ठेवू नका, जोरात ब्रेक मारला तर ते केबिनवर येऊन आदळतील. मुक्कामी पाणी वापरायला होतं, परत निघताना ओढ्यावर पुन्हा भरायचं. हवा भरायचा छोटा कंप्रेसर मात्र सोबत हवाच. बावीसच्या हवेवर डांबरावर ऐंशीने पळणं म्हणजे टायर तापवून फोडायचे धंदे.

या दिवशी संध्याकाळी मी जवळजवळ ठरवलंच होतं की फोर बाय फोर हा हौशी लोकांचा दागिना आहे.

२७ जुलै

मेव्हणा त्याची व्ही-क्रॉस फोर बाय फोर घेऊन आला. येता येता त्याने गावातल्या सिमेंटच्या चौकात फोर एचमध्येच (चारही चाकं जोडलेली, नेहमीचा वेग) गाडी वळवली. गाडी कोणी मागून धरल्यासारखी अडखळली, चाकं चिरचिरली. "दाजी, काहीतरी तुटलं का?" तुटलं नव्हतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. मातीवर चाक घसरून पीळ सोडतं, सिमेंटवर सोडायला जागा नाही. कोरड्या रस्त्यावर टू एच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं, एवढंच लक्षात ठेवायचं.

चढावर त्याची गाडी रिकाम्या हौद्याने, साध्या टायरवर, एका दमात गेली. अपेक्षितच होतं. मी फारसा हललो नाही.

हललो ते उतारावर.

सकाळभर पाऊस कोसळलेला, उतारावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. आधी माझी गाडी, ऑल टेरेन, वजन, पहिला गिअर. मधल्या वळणाच्या अलीकडे मागची चाकं इंजिनच्या ब्रेकने जवळजवळ थांबली आणि गाडी घसरू लागली. ब्रेकला पाय लावला तर पुढचीही अडकली आणि स्टिअरिंग नुसतं शोभेला उरलं. सात-आठ मीटर मी प्रवासी होतो. डाव्या बांधाच्या गवताने अडवलं. वजनाने चढताना साथ दिली होती, उतरताना तेच वजन मागून ढकलत होतं.

मग मेव्हणा. वरच गाडी पूर्ण थांबवली, न्यूट्रल, डायल फोर एलवर (चारही चाकं, सगळ्यात हळू गिअर), दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून काढलेले. गाडी म्हातारा काठी टेकत उतरतो तशी उतरली. इंजिनचा अडसर चारही चाकांत सारखा वाटला गेलेला, त्यामुळे एकही चाक लॉक झालं नाही. मी बाजूने चालत होतो आणि गाडी माझ्या मागे राहिली. खाली आल्यावर मेव्हणा काही बोलला नाही. त्यालाही हसायची ती काकांची पद्धत जमते असं दिसलं.

दुपारी त्याने ओहोळ तिरका ओलांडला, तेव्हा पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक अधांतरी. फोर बाय फोर असूनही दोन्ही चाकं हवेत गरगर आणि गाडी जागच्या जागी. त्याच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय न काढता धरून ठेवला तेव्हा कटकट आवाज करत मोकळ्या चाकांना ब्रेक लागला आणि सुटली.

१४ सप्टेंबर

हिशेब. मे ते सप्टेंबर सतरा फेऱ्या. अडकलो किंवा अडचण आली अशा सहा. त्यातल्या चार टायर, हवा आणि वजनाने सुटल्या असत्या किंवा सुटल्या. गाळातल्या त्या एका फेरीत फोर बाय फोर घेऊन मी आणखी चाळीस मीटर आत जाऊन रुतलो असतो, बाकी काही नाही. उरली एक: सत्तावीस जुलैचा उतार.

एका उतारासाठी दहा-अकरा लाख, शिवाय पुढचं डिफरन्शियल, पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केस, त्यांची तेलं, पुढच्या चाकांच्या सीव्ही जॉइंटचे रबर. सध्या तरी नाही. ज्याचं घरच तशा उताराच्या तळाशी आहे, त्याने मात्र माझं ऐकू नये. त्याने फोर एलच घ्यावा, टायरचं नंतर बघावं.

मी स्वतःचे ऑल टेरेन घेतले, चारही, कारण पुढचे ब्रेकसाठी लागतात. पुढच्या टो हुकला नवा शॅकल (दोर अडकवायची कडी) टाकला. आणि पाऊस चालू असेल तर गाडी वर आंब्याच्या माळावर लावायची, सामान पाठीवर घेऊन चालत उतरायचं. पहिल्याच वेळी बायकोने तंबू उचलला आणि पाण्याचे दोन्ही कॅन माझ्याकडे बघत राहिले.

पुढच्या नोंदीत हौद्यावरच्या ताडपत्रीचा सांगाडा. पाइप आणलेत, वेल्डर अजून येतोय.