पिस्कॅटवेची पर्स

न्यू जर्सीतील पिस्कॅटवे हायस्कूल आमच्या घरापासून फार दूर नाही. शाळेत मुलांची झडती कधी आणि कितपत घेता येते, याविषयीचा अमेरिकेतला सर्वात महत्त्वाचा निवाडा याच शाळेतल्या एका पर्सवरून झाला, हे मात्र मला यंदा कळले. मुलीच्या शाळेने वर्षारंभी लॉकर-तपासणीची लेखी सूचना पाठवली, तेव्हा मी या विषयावर वाचायला घेतले होते.

मार्च १९८० मध्ये या शाळेत १४ वर्षांची एक मुलगी मैत्रिणीसह स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. आपण सिगारेट ओढतच नाही, असे तिने सांगितल्यावर सहायक उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली. सिगारेटचे पाकीट लगेच मिळाले. ते काढताना सिगारेट वळण्याचे कागद दिसले; त्यांवरून गांजाचा संशय आला, म्हणून त्यांनी सगळी पर्स उपसली आणि त्यातून थोडा गांजा, चिलीम, एकेक डॉलरच्या नोटा आणि तिला पैसे देणे लागणाऱ्या मुलांची यादी निघाली. हा खटला ‘न्यू जर्सी विरुद्ध टी.एल.ओ.’ या नावाने ओळखला जातो, कारण ती अल्पवयीन असल्याने नावाची आद्याक्षरेच नोंदली गेली.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती झडती वैध ठरवली. तरीही मला त्या निकालातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. शिक्षक पालकांच्या जागी असतात, त्यामुळे त्यांना राज्यघटनेतील झडतीविषयीचे बंधन लागू नाही, हा शाळेच्या बाजूचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. ‘चुकला तर खुशाल मारा,’ असे गुरुजींना सांगून मुलाला शाळेत घालणाऱ्या पिढीत मी वाढलो, त्यामुळे ते वाक्य मी दोनदा वाचले. सरकारी शाळेला पोलिसांसारखे वॉरंट लागत नाही. पण झडतीला वाजवी कारण हवे आणि तिची व्याप्ती विद्यार्थ्याचे वय, लिंग व आरोपाचे स्वरूप यांच्याशी सुसंगत हवी.

ही व्याप्तीची अट पोकळ नाही, हे २००९ मध्ये दिसले. अ‍ॅरिझोनातील एका शाळेने वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून १३ वर्षांच्या मुलीची अंतर्वस्त्रांपर्यंत झडती घेतली होती आणि ती न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. संबंधित अधिकाऱ्यांना मात्र वैयक्तिक दायित्वातून मोकळे केले, हे मला आजही पटलेले नाही.

शिक्षेचा प्रश्न वेगळा आहे. ओहायोतील प्रकरणावरच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ निकालानुसार सरकारी शाळेने दहा दिवसांपर्यंत निलंबित करायचे झाले, तरी आरोप काय आहे हे विद्यार्थ्याला सांगावे लागते, आणि त्याने तो नाकारला तर पुरावा समजावून त्याची बाजू ऐकावी लागते. ही सुनावणी दोन मिनिटांची असू शकते आणि वकील लागत नाही; विद्यार्थी धोकादायक असेल तर ती नंतरही घेता येते. खासगी शाळांना हे नियम लागू नाहीत.

हे सगळे ऐकून मुलीने फोनविषयी विचारले. अटकेनंतर पोलिसांना फोन तपासायला साधारणपणे वॉरंट लागते, असा २०१४ चा निकाल आहे; शाळांबाबत सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्णय दिलेला नाही. म्हणून आमच्यात एवढेच ठरले आहे: शाळेने फोन मागितला तर हुज्जत न घालता द्यायचा, पण पासवर्ड सांगण्याआधी घरी फोन लावू देण्याची विनंती करायची. तो अर्थातच शाळेच्या कार्यालयातून.